शिफ्टमध्ये एकच पक्का सेटर, चार पोरं शिकायला तयार. टार्गेट सांभाळून त्यांना पुढं कसं आणू?

शिफ्ट_इन्चार्ज_भोसरी

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये दिवाळीनंतर मला शिफ्ट इन्चार्ज केलं. त्याआधी तिथंच क्वालिटीत होतो. आठ टर्निंग सेंटर, तीन व्हीएमसी (उभ्या मिलिंग मशीन), सगळ्या फॅनक कंट्रोलच्या. शिफ्टला चौदा माणसं. हब, बुश, स्लीव्ह असले ट्रॅक्टरचे आणि दुचाकीचे पार्ट करतो.

अडचण अशी आहे. सेटिंग, म्हणजे पार्टप्रमाणे मशीन लावून देणं, पक्कं येणारा माणूस शिफ्टमध्ये एकच. सगळे त्यांना मामा म्हणतात. कुठल्याही मशीनवर पार्ट बदलायचा असो, इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) तुटलेला असो, बोअरचं (आतल्या भोकाचं) माप हलत असो, हाक मामांनाच. ते रजेवर गेले की दोन मशीन तरी उभ्या राहतात. दुसरीकडे आयटीआय झालेली चार पोरं आहेत. जॉब (घडवायचा तुकडा) लावायचा, सायकल स्टार्ट दाबायचं, जॉब काढायचा, हवा मारायची, ट्रेमध्ये ठेवायचा. एवढंच त्यांचं काम. परवा चहाच्या वेळी त्यातला एक म्हणाला, "साहेब, मी टर्नर ट्रेडचा आहे. बटण दाबायला टर्नर कशाला लागतो?" मला उत्तर देता आलं नाही.

मॅनेजरसाहेब म्हणतात, शिकवायचं तर शिफ्ट संपल्यावर शिकवा, मशीन थांबता कामा नये. पण पोरं कंपनीच्या बसनं येतात, बस सुटली की त्यांना खोलीवर जायची सोय नाही. मामांकडे विषय काढला तर ते नुसतं "बघू" म्हणतात. वयानं ते माझ्या वडिलांएवढे. त्यांचा मान राखूनच हे व्हायला हवं. आणि शिकवल्यावर पोरं दोन हजार जास्त मिळतात म्हणून शेजारच्या गेटात शिरली तर साहेबांना काय तोंड दाखवू, हाही प्रश्न आहेच.

ज्यांनी लाईन चालवली आहे त्यांनी सांगा. सेमिनारमधलं ऐकून झालंय. मला शिफ्टच्या आठ तासांत बसेल असं काहीतरी हवंय.

---

जॉबवर्क_गोकुळशिरगाव

मी मालकाच्या बाजूनं बोलतो. माझं दहा मशीनचं जॉबवर्कचं युनिट आहे.

पोरं जातात, हे खरं आहे. माझीही गेलीत. पण न शिकवता ठेवलेलीसुद्धा जातात, आणि जी राहतात ती कुठंच घेत नाहीत म्हणून राहतात. अशांच्या जिवावर धंदा वाढत नाही.

दोन गोष्टी आधी बघून घ्या. पहिली, ही चार पोरं कुणाच्या हजेरीवर आहेत? कंपनीच्या की ठेकेदाराच्या? ठेकेदाराच्या असतील तर सेटिंग शिकूनही त्यांचा पगार तुमच्या साहेबाच्या हातात नाही, मग ती थांबतील कशाला? आणि अप्रेंटिस म्हणून घेतली असतील तर शिकवणं हे त्यांच्यावर उपकार नव्हेत. 1961 चा अप्रेंटिस कायदा त्यासाठीच आहे. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण माणसांच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि ते ट्रेड शिकण्यासाठी घ्यायचे असतात, स्वस्तात जॉब काढून घेण्यासाठी नाही. हे मी मालक असूनही स्पष्ट सांगतो.

दुसरी गोष्ट, शिकवायला सुरुवात करायच्या आधी पगाराचं बोलून घ्या. माझ्याकडं पोरगं स्वतःच्या जोरावर सेटिंग करून फर्स्ट पीस पास करून दाखवतं, त्याच महिन्यात त्याचा पगार वाढतो. वार्षिक वाढीपर्यंत थांबवत नाही. थांबवलं की शेजारच्या गेटावरची पाटी त्याला दिसायला लागते.

---

निवृत्त_फोरमन_पलूस

इन्चार्जसाहेब, प्रश्न वाचून बरं वाटलं. पोरांना शिकवावं असं वाटणारे इन्चार्ज कमी भेटतात. माझी उभी हयात शॉपमध्ये गेली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे "सेटिंग शिकवायचं" असं म्हणणंच सोडा. ते एक काम नाही, पाच-सहा कामं आहेत. इन्सर्ट बदलून ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) देणं, सॉफ्ट जॉ (चकमध्ये जॉब धरणारे मऊ जबडे) बोअर करणं, टूल सेट करणं, प्रोग्राम लावून ब्लॉक-बाय-ब्लॉक चालवून बघणं, पहिला पीस काढून मोजणं, आणि मग नवीन पार्टचं पूर्ण सेटिंग. सगळं एकदम शिकवायला गेलात तर मशीन उभी राहणारच, मग मॅनेजरला बोलायला जागा मिळते. एकेक पायरी घ्या. इन्सर्ट तर रोज बदलावाच लागतो. तिथं मशीन नाहीतरी थांबलेली असते. सेटिंग झाल्यावर फर्स्ट पीस क्वालिटीकडे अप्रूव्हलला जातो तेव्हाही मशीन थांबलेली असते, तुम्ही क्वालिटीत दिवस काढलेत, हे तुम्हाला माहीत आहे. शिकवायचा वेळ तिथं आहे. वेगळा मागायला जाऊ नका.

आता शिकवायचं कसं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतले कारागीर लढाईवर गेले आणि कारखान्यांत अगदी नवी माणसं आली, त्यात बायकाही मोठ्या संख्येनं होत्या. तेव्हा तिथल्या सरकारनं सुपरवायझर लोकांसाठी एक कार्यक्रम काढला, ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा. काम कसं शिकवायचं हे शिकवणारा त्यातला कोर्स दहा तासांचा, दोन-दोन तासांच्या पाच बैठका. युद्धानंतर हीच पद्धत जपानमध्ये गेली आणि टोयोटानं ती उचलली. आम्हाला ती एका ट्रेनिंगमध्ये शिकवली आणि मी ती कधी सोडली नाही. चार पायऱ्या आहेत. माणसाला तयार करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग अधूनमधून बघत राहा. सुपरवायझरला जे कार्ड देत त्यावर एक वाक्य छापलेलं असे: कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही.

त्यातली खरी मेहनत आधीची आहे. काम कागदावर मांडायचं. पायरी कोणती, त्यात जपायचं काय, आणि का जपायचं. "का" लिहिल्याशिवाय पोरगं घोकंपट्टी करतं आणि तुमची पाठ वळली की विसरतं.

ऑफसेटचं उदाहरण घ्या. समजा बोअर 30 एच7 आहे, म्हणजे 30.000 ते 30.021 मिमीच्या आत चालतं. पोरानं बोअर गेज घातलं, रीडिंग आलं 29.998. इथं पहिली जपायची गोष्ट: गेज मागं-पुढं डोलवायचं आणि काटा जिथून उलटा फिरतो तेच रीडिंग धरायचं, कारण गेज तिरकं राहिलं तर बोअर आहे त्यापेक्षा मोठं दाखवतं. आता मधोमध यायचं तर 12 मायक्रॉन (मिमीचे हजारावे भाग) वाढवायचे. दुसरी जपायची गोष्ट: 0.012 लिहायचं, दशांशचिन्ह मोठ्यानं वाचायचं, मगच बटण. 0.12 गेलं तर बोअर 30.118 होतं आणि जॉब भंगारात. लहान राहिलेलं बोअर पुन्हा मारता येतं, मोठं झालेलं येत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: 'प्लस इनपुट' दाबायचं, नुसतं 'इनपुट' नाही. समजा त्या टूलच्या वेअरमध्ये (झिजेपोटीच्या ऑफसेटच्या रकान्यात) आधीच 0.035 आहे. प्लस इनपुट दाबलं तर 0.047 होतं, जे आपल्याला हवंय. नुसतं इनपुट दाबलं तर 0.035 पुसून तिथं 0.012 बसतं, आणि बोअर वाढायच्या ऐवजी 23 मायक्रॉननं आणखी कमी होतं. पोरगं म्हणतं, मी तर वाढवलं होतं! हे असं आकड्यांनिशी एकदा सांगितलं की ते जन्मात विसरत नाही. कंट्रोलवर "ऑफसेटला हात लावू नये" असा कागद चिकटवून काहीच होत नाही.

मामांबद्दल. त्यांचं "बघू" मला समजतं. त्यांची किंमत आज ते एकटेच आहेत म्हणून आहे, आणि ती भीती खोटी नाही. एखाद्या कारखान्यात शिकवून झाल्यावर म्हाताऱ्या सेटरला हलकं काम दिलेलं त्यांनी पाहिलंही असेल. म्हणून त्यांना "पोरांना शिकवा" असं सांगू नका. त्यांच्याशेजारी बसा, वही घ्या आणि वर लिहिलंय तसं त्यांचं काम तुम्हीच कागदावर उतरवा. जॉ बोअर करताना आत रिंग का धरता, चकचं प्रेशर जॉब धरतानाचंच का ठेवता, हे विचारा. माणसाला आपलं कसब कुणीतरी नीट विचारलं की बोलावंसं वाटतं. तो कागद तयार झाला की त्यावर त्यांचं नाव घाला. मग पोरगं पास झालं की नाही हे मामांनी ठरवायचं, सही मामांची. आणि मॅनेजरकडे जाऊन मामांसाठी काहीतरी ठोस आणा. नवीन पार्टचं डेव्हलपमेंट असेल, जॉब धरायच्या फिक्श्चरचं काम असेल, ग्रेड असेल. कोरड्या शब्दावर ते पोरांना जवळ करणार नाहीत, आणि करावं अशी अपेक्षाही आपण ठेवू नये.

पोरगं काम करत असताना तुम्ही हात मागं बांधून उभे राहा. हे सगळ्यांत अवघड आहे. आपल्याला येतं म्हणून हात पुढं जातो, आणि हात पुढं गेला की पोरगं मागं सरकतं. चक फिरणार असेल किंवा टूल आदळणार असेल तेव्हाच आडवे या.

शेवटी रिजेक्शनचं. शिकताना जॉब जाणार. जॉब गेला की पहिले दोन प्रश्न: मशीन थांबवलीस का? कुणाला सांगितलंस का? दोन्हीला "हो" असेल तर आवाज चढवायचा नाही, साहेबांपुढं उत्तर तुम्ही द्यायचं. पहिल्याच वेळी पोराला सगळ्यांदेखत झापलंत तर पुढचा खराब जॉब लाल बिनमध्ये जाणार नाही, चांगल्या ट्रेमध्ये खाली दाबला जाईल. तो मग कस्टमरच्या लाईनवर सापडतो आणि पूर्ण लॉट सॉर्ट करायला तुमची माणसं तिकडं जाऊन बसतात.

आमच्या भागातलं म्हणून एक सांगतो. 1910 साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हा लोखंडी नांगर करणारे तयार कारागीर तिथं कुणी आणून ठेवले नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मिळतील ती माणसं घेतली आणि तिथंच तयार केली. आज तर तुम्हाला आयटीआय झालेली पोरं मिळतायत.

---

हार्नेस_लाईन_वाळूज

फोरमनकाकांचं वाचून वही काढून उतरवून घेतलं. माझी लाईन वेगळी आहे, वायरिंग हार्नेसची, म्हणजे तारांच्या जुडग्यांची. क्रिम्पिंग (तारेच्या टोकाला टर्मिनल दाबून बसवणं), बोर्डवर वायर लावणं, टेपिंग, टेस्टिंग. बहुतेक मुली आहेत, वैजापूर-गंगापूरकडून येणाऱ्या.

दादा, तुम्ही त्या एका पोराचं सांगितलंत जो चहाच्या वेळी बोलला. बाकीचे तिघं काय म्हणाले? बोलणारा आपल्याला दिसतो, म्हणून आपण त्यालाच आधी शिकवतो, आणि बाकीचे ठरवून टाकतात की आपला नंबर लागत नाही.

मी दर आठवड्याला एकेकीशी पाच मिनिटं बोलते, लाईनच्या बाजूला, उभ्या-उभ्या. "काही अडचण आहे का?" असं विचारलं की सगळ्या नाही म्हणतात. म्हणून मी विचारते, कुठलं काम करताना धाकधूक होते? आणि कुणाचं काम बघत उभं राहावंसं वाटतं? दुसऱ्या प्रश्नाला खरी उत्तरं मिळतात. टेपिंगवरची एक मुलगी, तोंडातून शब्द निघायचा नाही, ती म्हणाली मला क्रिम्पची हाईट मोजताना बघायला आवडतं. मला पत्ताच नव्हता. तिला आधी मायक्रोमीटर धरायला दिलं. क्रिम्प हाईट कमी झाली तर तारेचे धागे तुटतात, जास्त राहिली तर तार सुटते, हे तिला पुल टेस्टवर तार ओढून दाखवलं. आता क्रिम्पिंगचा पहिला पीस तीच तपासते, आणि आकडा बसला नाही तर मशीन चालू करू देत नाही. माझं सुद्धा ऐकत नाही, आणि मला तेच हवं होतं.

तेव्हा चारही पोरांना सेटरच व्हायचंय असं धरून चालू नका. एखाद्याला तुमच्यासारखं क्वालिटीत जायचं असेल, एखादा डिप्लोमाची तयारी करत असेल आणि त्याला परीक्षेच्या महिन्यात फक्त फर्स्ट शिफ्ट हवी असेल. ती देणं हीसुद्धा मदतच आहे.

आणि चांगलं केलं तर नेमकं सांगा. "शाब्बास" सगळेच म्हणतात. "तू कनेक्टर लॉक झाल्याचा आवाज ऐकून मगच पुढं गेलीस, ते बरोबर केलंस" असं म्हटलं की तिला कळतं कुणीतरी बघत होतं.

---

सेटर_चाकण

मी त्या चार पोरांच्या जागेवर होतो म्हणून लिहितो. गाव बुलढाणा जिल्ह्यात, ट्रेड टर्नर. पहिल्या कंपनीत बटणच दाबलं. पगार वेळेवर होता, कँटीन चांगलं होतं, तरी सोडलं. इंटरव्ह्यूला गेलो की विचारायचे सेटिंग येतं का, आणि मला खाली बघावं लागायचं. ते दोन हजारापेक्षा जास्त लागतं.

दुसऱ्या कंपनीत इन्चार्जनं पहिल्या महिन्यात सांगितलं, या भिंतीवर तुझं नाव आहे आणि समोर हा रिकामा गोल आहे. स्किल मॅट्रिक्स म्हणतात त्याला. चार भाग असतात. काम माहीत झालं की एक भाग भरतो, कुणी जवळ असताना जमलं की दोन, एकट्यानं जमलं की तीन, दुसऱ्याला शिकवता आलं की पूर्ण. असले तक्ते सगळ्या कंपन्यांत असतात, ऑडिटच्या आधी ऑफिसात बसून भरतात. आमचे साहेब मशीनजवळ यायचे, माझ्यासमोर पेननं भरायचे आणि पुढचा भाग कधी बघायचा तेही तिथंच ठरवायचे. सेटअप शीटवर "सेटिंग केले" या रकान्यात पहिल्यांदा माझं नाव लागलं त्या शीटचा फोटो मी घरी पाठवला होता.

मला नंतर दुसरीकडून बोलावणं आलं होतं. गेलो नाही. तिथं व्हीएमसी नव्हत्या आणि इथं साहेबांनी पुढं व्हीएमसीवर घेतो म्हणून सांगितलं होतं, आणि घेतलं. साहेबांनी सांगितलेलं केलं नसतं तर गेलो असतो, हेही खरं आहे.

एक विनंती. नाईट शिफ्टला शिकवायला सुरुवात करू नका. पहाटे तीनला डोळे आकडा वेगळाच वाचतात.

---

शिफ्ट_इन्चार्ज_भोसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. वाळूजच्या ताईंनी विचारलं म्हणून आज चौघांशी एकेकट्याला बोललो. दोघांना सेटिंगच शिकायचंय. एकाला प्रोग्रामिंगची ओढ आहे, मोबाईलवर जी-कोडचे व्हिडिओ बघतो. चौथा म्हणाला, घरी शेती आहे, दोन वर्षांनी परत जाणार, पण मशीन बिघडली तर दुरुस्त कशी करतात ते बघायचंय. हे मला इतके महिने एकत्र काम करून ठाऊक नव्हतं. त्याला मेंटेनन्सवाल्यांबरोबर पीएमच्या, म्हणजे ठरलेल्या देखभालीच्या, दिवशी लावायचं ठरवलंय.

मामांकडे वही घेऊन बसलो. जॉ बोअरिंगपासून सुरुवात केली. आधी तुटक बोलत होते, मग स्वतःच उठून रिंग घेऊन आले. चकचं प्रेशर बदललं तर जॉ कसे उघडतात ते दाखवलं. उद्या पुढचं सांगतो म्हणाले. एक अट मात्र घातली, माझ्या बोअर गेजला पोरांनी हात लावायचा नाही, त्यांना वेगळं आणा.

चारही जण कंपनीच्या हजेरीवर आहेत, त्यामुळे पगाराचं साहेबांशी बोलता येईल. पण काका, मॅनेजरसाहेब आकड्याशिवाय ऐकत नाहीत. त्यांच्यासमोर नेमकं काय ठेवू?

---

निवृत्त_फोरमन_पलूस

आकडे तुमच्याच रजिस्टरमध्ये आहेत. दोन रकाने काढा. मामा हजर असताना एका पार्टवरून दुसऱ्या पार्टवर जायला किती मिनिटं लागली, आणि मामा दुसऱ्या मशीनवर अडकलेले असल्यामुळं किंवा रजेवर असल्यामुळं कुठली मशीन किती वेळ उभी होती. हा दुसरा वेळ शक्यतो कुणी लिहीत नाही, "सेटिंग" म्हणून एकाच कोडात ढकलतात. तो वेगळा काढा. महिनाभराचा ठेवा, वर काही भाष्य करू नका. त्या तासांना त्या मशीनचं ताशी टार्गेट लावलं की किती जॉब बुडाले ते साहेब स्वतःच मोजतील. मग म्हणा, मला नवा माणूस नको, शिफ्टही वाढवून नको. इन्सर्ट बदलायची आणि ऑफसेट द्यायची कामं या दोघांना मामांच्या सहीनं करू द्या, आणि पास झाले की वाढ द्या.

वाढीचा आकडा त्याच बैठकीत लिहून घ्या. नंतर तो निघत नाही.

सुरुवात एकाच मशीनवर, एकाच पार्टवर करा. ज्या पार्टची मागणी कायम आहे आणि टॉलरन्स जरा सैल आहे असा निवडा. 30 एच7 वर पहिल्याच दिवशी नको.

मामांची गेजची अट रास्त आहे, मान्य करा. नवं बोअर गेज मागवाल तेव्हा त्याच इंडेंटमध्ये (खरेदीच्या मागणीपत्रात) त्या मापाची मास्टर रिंगही (नेमक्या मापाची कडी) टाका. नाहीतर पोरं झिरो सेट करायला पुन्हा मामांच्याच कपाटाशी जातील.